चावटपणाची मर्यादा : ‘वन मॅन, टू गव्हनर्स’ आणि इंग्लिश किनारी विनोदाची परंपरा

मराठी समीक्षेने विनोदाचा विचार पुष्कळ केला आहे. परंतु चावट विनोदाच्या वाट्याला बहुधा दोनच प्रतिक्रिया आल्या. तो ग्राम्य आणि अश्लील असल्यामुळे विचारार्हच नाही, ही एक. आणि तो लोकांचा, मातीतला असल्यामुळे निरपवाद स्वागतार्ह आहे, ही दुसरी. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन भूमिकांत एक साम्य आहे. अशा विनोदाची घडण कशी असते, तो कोणत्या आधारावर उभा राहतो, हे तपासण्याची गरज दोहोंनाही वाटत नाही. परिणामी वर्गात तमाशाचा इतिहास शिकवताना गण, गौळण, लावणी आणि वग यांवर सविस्तर बोलले जाते आणि बतावणी मात्र दोन वाक्यांत संपते.

प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार एका इंग्लिश नाट्यकृतीच्या आधारे करावयाचा आहे. ती कृती म्हणजे रिचर्ड बीन यांचे ‘वन मॅन, टू गव्हनर्स’ हे संगीतयुक्त प्रहसन. निकोलस हायट्नर यांच्या दिग्दर्शनाखाली ते २०११ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये रंगभूमीवर आले. कार्लो गोल्दोनी यांच्या ‘दोन धन्यांचा नोकर’ या १७४६ च्या इटालियन सुखात्मिकेचे हे रूपांतर आहे. मात्र त्याचे स्थळ व्हेनिस नसून ब्रायटन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील शहर आहे आणि काळ १९६३ चा आहे. चावट विनोद ज्या सामाजिक मर्यादेच्या आधाराने उभा राहतो ती मर्यादाच शिथिल झाली तर त्या विनोदाचे काय होते, हा प्रश्न या नाटकाने कळत-नकळत हाताळला आहे. त्याचे उत्तर आपल्या लोकनाट्याच्या अभ्यासालाही उपयोगी पडेल, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

१. किनारा आणि सुट्टी

इंग्लिश किनारी विनोद हा मुळात सुट्टीचा विनोद आहे. रेल्वेमुळे समुद्रकिनारा सामान्य माणसाच्या आवाक्यात आला; १८७१ च्या कायद्याने बँकांना ठराविक सुट्ट्या मिळाल्या आणि हळूहळू त्या सर्वांच्याच सुट्ट्या झाल्या. लँकेशायरमधील कापडगिरण्यांच्या गावांत गिरण्या वर्षातून एक आठवडा बंद ठेवण्याची प्रथा होती. त्या आठवड्यात जवळजवळ सगळे गाव ब्लॅकपूलसारख्या ठिकाणी लोटत असे. ब्लॅकपूलचा प्रसिद्ध मनोरा १८९४ साली उभा राहिला तो याच गर्दीच्या बळावर. पगारी रजेचा कायदा मात्र १९३८ पर्यंत आला नव्हता. म्हणजे कित्येक दशके ही सुट्टी कष्टकऱ्यांनी वर्षभर पै-पैसा बाजूला टाकून विकत घेतलेली होती.

अशा सुट्टीत माणूस केवळ गाव सोडत नाही. गावातली आपली प्रतिष्ठा, शेजाऱ्यांची नजर आणि मुकादमाचा धाकही काही दिवस मागे टाकतो. समुद्रात शिरणाऱ्या लाकडी-लोखंडी धक्क्यांवर, म्हणजे ‘पिअर’वर, नाट्यगृहे होती. पांढऱ्या झग्यातील ‘पिएरो’ विदूषकांचे ताफे १८९१ नंतर वाळूवर आणि पिअरवर गाणी व नकला करू लागले. शहरातील म्युझिक हॉलचे कलावंत उन्हाळ्यात किनाऱ्यावर मुक्काम टाकू लागले. हे चित्र मराठी वाचकाला सर्वस्वी अपरिचित वाटू नये. जत्रा आणि तमाशा यांचे नातेही असेच आहे. देवदर्शन, खरेदी आणि फडावरचा चावटपणा हे एकाच मोकळिकीचे भाग असतात आणि जत्रा उठली की ती मोकळीकही उठते. या विनोदाला जसे स्थळ असते तशी मुदतही असते, हे येथे लक्षात घ्यावयाचे.

२. पोस्टकार्डाची नीती

या विनोदाचा सर्वांत व्यापक आविष्कार म्हणजे रंगीत विनोदी पोस्टकार्ड. डोनल्ड मॅगिल (१८७५–१९६२) हे त्याचे सर्वश्रेष्ठ चित्रकार. त्यांनी हजारो चित्रे काढली. प्रचंड देहाची बायको, तिच्या आडोशाला उभा असलेला किडकिडीत नवरा, मधुचंद्राला आलेले गोंधळलेले जोडपे, लाल नाकाचा मद्यपी, भोळा पाद्री ही त्यांची ठरलेली पात्रे. चित्राखाली एक-दोन वाक्यांचा संवाद असतो. त्यातला एक अर्थ निष्पाप, दुसरा तसा नाही.

जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४१ साली ‘होरायझन’ या नियतकालिकात मॅगिल यांच्या कलेवर लिहिलेला निबंध हा या विषयावरील पहिला गंभीर विचार म्हणावा लागेल. ऑर्वेल या चित्रांचा हलकेपणा नाकारत नाहीत. उलट तो पूर्णपणे मान्य करतात. त्यांचा खरा मुद्दा वेगळा आहे. ही पोस्टकार्डे अश्लील असतील, पण अनीतिमान नाहीत, असे ते दाखवतात. त्यांतील सारा विनोद विवाहसंस्था पक्की आहे असे धरून चालतो. ज्या समाजात लग्नाला गांभीर्य उरलेले नाही तेथे मधुचंद्रावरचा विनोद हसूच आणणार नाही. प्रत्येक माणसात एक डॉन किहोते आणि एक सांचो पांझा नांदत असतो. पोस्टकार्ड हा त्यातल्या सांचो पांझाचा, म्हणजे पोट आणि अंथरूण यांची काळजी वाहणाऱ्या अर्ध्या माणसाचा आवाज आहे. तो आवाज बंड करतो, पण राज्य उलथवू इच्छित नाही.

ऑर्वेल यांचे हे विवेचन स्वीकारले तर एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. चावट विनोद हा मर्यादेचा शत्रू नसून तिचा भाडेकरू आहे. घर पडले तर भाडेकरूही रस्त्यावर येतो.

३. अर्धे वाक्य आणि पुरा अर्थ

छापील पोस्टकार्डाचे रंगमंचावरील रूप पाहायचे असेल तर मॅक्स मिलर (१८९४–१९६३) यांच्याकडे वळावे लागते. ते ब्रायटनचेच. फुलाफुलांचा भडक पोशाख घालून ते एकटे रंगमंचावर उभे राहत आणि प्रेक्षकांपुढे दोन वह्या धरीत : एक पांढरी, सभ्य विनोदांची; दुसरी निळी. कोणती उघडू, असे ते विचारीत. प्रेक्षक अर्थातच निळी मागत. पुढे ते पद्य म्हणू लागत आणि यमकाचा शेवटचा शब्द येण्याच्या क्षणी थांबत. शब्द प्रेक्षकांच्या मनात उमटे, हशा पिके आणि मिलर प्रेक्षकांनाच दटावीत, की तुमचीच मने अशी, मी तर काही बोललोच नाही.

या युक्तीची घडण नीट पाहण्यासारखी आहे. येथे अश्लील शब्द उच्चारला गेलेलाच नाही. तो प्रेक्षकाने पुरवला आहे. विनोदाचे कर्तृत्व आणि त्याचे पाप या दोहोंची वाटणी झाली आहे. आपल्या काव्यशास्त्राला ही वाटणी अपरिचित नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात अश्लीलाची गणना दोषांत केली आणि व्रीडा, जुगुप्सा व अमंगल असे त्याचे तीन प्रकार मानले, परंतु तेथेच, शृंगारगोष्ठीत रहस्यवस्तू द्व्यर्थी पदांनी सुचवावी या कामशास्त्रातील संकेताचा आधार घेऊन, अशा प्रसंगी हा दोष गुण ठरतो असेही त्याने मान्य केले. म्हणजे शब्दाचा दोष शब्दात नसून प्रसंगात असतो. कोण, कोणापुढे, कोणत्या गोष्ठीत बोलतो यावर तो ठरतो. भरतानेही हास्याची उत्पत्ती शृंगाराच्या अनुकृतीतून सांगितली आहे, हे या संदर्भात आठवावे.

तमाशातील गौळणीत कृष्णाने जिची वाट अडवलेली असते ती ‘मावशी’ नेमके हेच करते. पुरुष नटाने वठवलेली ही मावशी आणि पेंद्या यांचे संवाद कागदावर उतरवले तर पुष्कळदा निर्जीव वाटतात. कारण त्यांचा दुसरा अर्थ शब्दांत नसतो, तो थांबण्यात, मान वळवण्यात आणि समोरच्या गर्दीकडे टाकलेल्या एका कटाक्षात असतो. ऑर्वेल यांनीही इंग्लंडमध्ये रंगमंचावर चालणारे आणि छापून चालणारे यांत मोठी तफावत असल्याचे नोंदवले होते व त्यासाठी मिलर यांचेच उदाहरण दिले होते. चावट विनोदाच्या अभ्यासकाने संहितेपुरते थांबून चालणार नाही, हा त्याचा अर्थ.

४. मर्यादा ढासळते

ही मर्यादा ब्रिटनमध्ये केवळ लोकाचारात नव्हती, कायद्यातही होती. १७३७ पासून नाटकाच्या संहितेला लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागत असे. पोस्टकार्डांवर ब्लॅकपूलसारख्या शहरांत स्थानिक समित्यांची नजर होती. १९५४ साली तर वयाच्या ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या मॅगिल यांच्यावर लिंकन येथे अश्लील प्रकाशनाचा खटला चालला आणि त्यांना ५० पौंड दंड व २५ पौंड खर्च भरावा लागला. त्यानंतरची दीड-दोन दशके मात्र उलट्या दिशेची आहेत. १९६८ च्या थिएटर्स अ‍ॅक्टने रंगभूमीवरील पूर्वपरिनिरीक्षण संपुष्टात आले. (महाराष्ट्रात संहितेच्या पूर्वपरिनिरीक्षणाची पद्धत राज्यस्थापनेनंतरही चालू राहिली, हा फरक तुलनेच्या वेळी विसरून चालणार नाही.)

मर्यादा गेल्यावर किनारी विनोद मुक्त होऊन बहरला असता, असे कोणाला वाटेल. घडले ते निराळेच. जे उघड दाखवता येते त्याचे सूचन करण्यात मौज उरत नाही. शिवाय ज्या किनाऱ्यावर हा विनोद वाढला तो किनाराही ओस पडू लागला; विमानाने स्पेनला नेणाऱ्या स्वस्त सहली १९६० च्या दशकात वाढत गेल्या. जॉन ऑस्बोर्न यांनी १९५७ सालीच ‘द एंटरटेनर’ या नाटकात आर्ची राइस हा किनारी नाट्यगृहातला विझलेला विनोदवीर उभा केला होता. त्याचे जुने चावट विनोद आता प्रेक्षकाला हसवत नाहीत; ते एका संपत आलेल्या देशाची शोकांतिका सांगतात. पुढे हा विनोद मुख्यतः स्मरणरंजनाच्या रूपाने उरला. विनोद जतन करायचा तर त्याला काचेच्या कपाटात ठेवावे लागते, आणि कपाटातला विनोद हसवत नाही. बीन यांच्यापुढचा पेच हाच होता.

५. ब्रायटन, १९६३

नाटकाचे कथानक गुंतागुंतीचे असले तरी त्याचे सूत्र साधे आहे. फ्रान्सिस हेन्शल हा स्किफल वाद्यवृंदातून हाकलला गेलेला, सदा भुकेला इसम. तो रॉस्को क्रॅब नावाच्या लंडनच्या गुंडाचा रखवालदार म्हणून ब्रायटनला येतो. रॉस्को हा वस्तुतः रेचल आहे. मेलेल्या जुळ्या भावाचा वेश घेऊन ती पॉलीन या मुलीचा बाप चार्ली क्लेंच याच्याकडून पैसे वसूल करायला आली आहे. भावाला मारणारा स्टॅन्ली स्टबर्स हा बड्या घरचा तरुण तिचा प्रियकर. तोही ब्रायटनमध्येच लपला आहे. फ्रान्सिस पोटासाठी त्याचीही नोकरी धरतो. दोन धनी, एकच नोकर आणि दोघांना एकमेकांचा पत्ता लागू न देण्याची धडपड, असा हा मामला आहे.

काळाची निवड येथे विशेष अर्थपूर्ण आहे. १९६३ हे साल बीटल्सच्या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेचे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मॅक्स मिलर ब्रायटनमध्ये निवर्तले. मॅगिल आदल्याच वर्षी गेले होते. आणखी एक योगायोग असा, की किनाऱ्यावरच्या पिएरोंचा पोशाख घालून पहिल्या महायुद्धाची संहारकथा सांगणारे ‘ओ व्हॉट अ लव्हली वॉर’ हे जोन लिटलवुड यांच्या थिएटर वर्कशॉपचे संगीतनाट्यही १९६३ चेच. मर्यादा अजून शाबूत आहे, पण तिला तडे गेले आहेत, असा हा क्षण आहे. नाटककाराने विनोदाला काचेच्या कपाटात न ठेवता, कपाट तयार होण्याच्या आधीच्या दिवसात नेऊन सोडले आहे.

नाटकातील संगीताचेही कार्य याच दिशेने पाहावे. ग्रँट ओल्डिंग यांची गाणी चौघांचा ‘द क्रेझ’ हा वाद्यवृंद गातो. ती पात्रांच्या तोंडी भावनाविष्कार म्हणून येत नाहीत. प्रवेश बदलत असताना पुढच्या पडद्यासमोर सादर होतात. मधूनच नाटकातील नट भूमिका सोडून या वाद्यवृंदात सामील होतात. कोणी झायलोफोन वाजवतो, कोणी मोटारीचे भोंगे. ही म्युझिक हॉलमधील सुट्या ‘नगां’ची रीत आहे. प्रयोग पुढे सरकतो तसे संगीत स्किफलकडून साठीच्या नव्या बीट-संगीताकडे सरकते. एक युग मावळते आहे हे कोणतेही पात्र सांगत नाही. ते काम गाणी करतात.

पण नाटकाचा खरा शोध याहून पुढचा आहे. २०११ च्या लंडनमध्ये शरीरसंबंधांवरील सूचक विनोदाला धक्का देण्याची शक्ती जवळजवळ उरली नव्हती. म्हणून बीन यांनी मर्यादाभंगाची जागाच बदलली. पहिल्या अंकाचे इंधन काम नाही, भूक आहे. म्हणजे सांचो पांझाच्या दोन चिंतांपैकी पहिली. फ्रान्सिस प्रेक्षकांशी बोलू लागतो, कोणाकडे खायला काही आहे का असे विचारतो. दोन धन्यांना एकाच वेळी जेवण वाढण्याच्या प्रसिद्ध प्रवेशात तो वाढतो कमी आणि लपवून खातो जास्त. याच प्रवेशात प्रेक्षागृहातील एका बाईला मदतीला वर बोलावले जाते, तिची फजिती वाढत जाते आणि शेवटी तिच्यावर पाणी व आग विझवण्याचा फेस यांचा मारा होतो. प्रेक्षक हसता हसता अस्वस्थ होतात, मध्यंतरात त्याचीच चर्चा करतात. ती बाई प्रेक्षक नसून नटी होती, हे त्यांना फार उशिरा कळते.

मॅक्स मिलर प्रेक्षकाच्या मनातील शब्दाला हात घालीत. हे नाटक प्रेक्षकाच्या खुर्चीतील सुरक्षिततेला हात घालते. आधुनिक शहरी माणसाची शेवटची शाबूत मर्यादा कोणती? पैसे भरून अंधारात बसलेल्याला कोणी हात लावणार नाही, ही. चावट विनोदाला टेकायला भिंत लागते. लैंगिक संकोचाची भिंत पडल्यावर बीन आणि हायट्नर यांनी रंगमंच व प्रेक्षागृह यांमधली भिंत शोधून काढली. आपल्याकडील सोंगाड्या समोरच्या पाटलाला वा पुढे बसलेल्या शहरी पाहुण्याला बोलण्यात ओढतो तेव्हा तोही याच भिंतीवर टकटक करीत असतो. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके यांनी प्रसंगानुरूप घातलेली भर हा त्या वगाचा प्राणच मानला गेला, तो याच कारणाने. बीन यांच्या नाटकाने २०१२ साली ब्रॉडवेवरही यश मिळवले आणि फ्रान्सिसची भूमिका करणाऱ्या जेम्स कॉर्डन यांना टोनी पारितोषिक मिळाले. ज्या प्रेक्षकांना ब्रायटनच्या पिअरच्या आठवणी नाहीत त्यांनाही ते भावले, याचे स्पष्टीकरण स्मरणरंजनाने देता येत नाही. भूक आणि फजिती यांना मात्र गाव लागत नाही.

दुसऱ्या अंकात फ्रान्सिसचे पोट भरलेले आहे. आता आपल्याला पुढे ढकलणार काय, असा प्रश्न तो स्वतःच प्रेक्षकांपुढे मांडतो. उत्तर असते डॉली, क्लेंचची हिशेबनीस. भुकेकडून प्रेमाकडे, पोटाकडून अंथरुणाकडे असा हा प्रवास ऑर्वेल यांनी केलेल्या वर्णनाशी तंतोतंत जुळतो. आणि डॉलीला हवी असते ती सुट्टी ब्रायटनची नव्हे, स्पेनच्या मायोर्का बेटावरची. किनारी विनोदाचे हे नाटक आपल्या नायकाला इंग्लिश किनाऱ्यावरून निरोप देण्याची तयारी करते, हा त्यातला सर्वांत हळुवार आणि सर्वांत निर्दय विनोद आहे. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पण हेच पर्यटक निघून गेल्यावर ब्रायटन-ब्लॅकपूलचे काय झाले हे त्यांना ठाऊक असते.

६. हसू कोणाच्या वाट्याचे?

येवढे म्हटल्यावर या परंपरेचे समर्थन करून थांबणे योग्य होणार नाही. मॅगिल यांच्या चित्रांत स्त्री एक तर मादक तरुणी असते किंवा अवाढव्य पत्नी. तिला तिसरे रूप नाही. बीन यांनी डॉलीला स्त्रीमुक्तीची भाषा दिली आहे. एखादी स्त्री पंतप्रधान झाली तर राज्य अधिक करुणेने चालेल, असे ती १९६३ मध्ये भाकीत करते आणि १९७९ नंतरचा इतिहास जाणणारा प्रेक्षक हसतो. विनोद चतुर आहे. परंतु हसू अखेर डॉलीच्या आशेवरच उमटते. आल्फी हा ऐंशी उलटलेला थरथरता वाढपी जिन्यावरून पुन्हा पुन्हा कोसळतो. त्याचे कोसळणे हा अभिनयकौशल्याचा नमुना आहे, पण हसू दुर्बलावरचे आहे, हे नाकारता येत नाही.

मात्र येथे एक भेद करावा लागेल. फ्रान्सिसवर आपण हसतो तेव्हा त्याच्यासोबत हसतो, कारण त्याने आपल्याला आपला कट सांगितलेला असतो. आल्फीला आपल्याशी बोलण्याची मुभाच नाही. चावट विनोदाचे मूल्यमापन करताना शब्द किती उघडा आहे याहून, प्रेक्षकाशी बोलण्याचा अधिकार कोणाला दिला आहे, हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो. हा निकष आपल्या बतावणीला लावून पाहावा. मावशी आणि सोंगाड्या यांना तो अधिकार भरपूर असतो. ज्या गौळणींना उद्देशून हा सारा चावटपणा चालतो त्यांना तो किती मिळतो? सवाल-जवाबात उत्तर देणारी नर्तकी ज्या फडात जिंकते तेथील विनोद आणि जेथे ती नुसती उभी असते तेथील विनोद यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

समारोप

या विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. चावट विनोद मर्यादेच्या अस्तित्वावर जगतो. म्हणून त्याला केवळ मर्यादाभंग समजून निषिद्ध मानणे किंवा बंडखोरी समजून गौरवणे, ही दोन्ही अपुरी वाचने आहेत. दुसरे, मर्यादा सरकली की विनोदाला नवी मर्यादा शोधावी लागते, नाहीतर तो स्मरणरंजन होऊन बसतो; ‘वन मॅन, टू गव्हनर्स’चे महत्त्व हा शोध यशस्वी करण्यात आहे. तिसरे, या विनोदाची नीती शब्दांच्या सभ्यतेवर नव्हे, तर प्रेक्षकाशी संवादाचा अधिकार कसा वाटला गेला आहे यावर तपासावी.

‘ती फुलराणी’ आणि ‘तीन पैशांचा तमाशा’ यांसारख्या रूपांतरांची समृद्ध परंपरा असलेल्या मराठी रंगभूमीला गोल्दोनीचे ब्रायटन करण्यातले कसब नवे वाटणार नाही. नवे आहे ते इतकेच, की एका प्रतिष्ठित राष्ट्रीय नाट्यसंस्थेने आपल्या सर्वांत हलक्या समजल्या गेलेल्या परंपरेकडे लाज न बाळगता आणि आंधळे कौतुकही न करता पाहिले. बतावणीवरची ती दोन वाक्ये वाढवण्याची वेळ आपल्या अभ्यासक्रमातही आली आहे. ती वाढवताना संहितेबरोबर फडासमोर बसलेली गर्दीही वाचावी लागेल, कारण अर्धे वाक्य तिच्याकडे आहे.